घंटी, अंतर आणि पादचाऱ्याचा हक्क

पादचाऱ्याच्या मागून येणाऱ्या सायकलस्वाराने घंटी वाजवावी की वाजवू नये, हा प्रश्न वरवर केवळ शिष्टाचाराचा वाटतो, आणि बहुधा त्यामुळेच वाहतुकीविषयीच्या गंभीर लेखनात त्याची फारशी दखल घेतली जात नाही. भारतात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली, त्यांतील साधारण पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता, आणि त्यांचे बळी प्रामुख्याने मोटारवाहनांनी घेतले. अशा देशात सायकलच्या घंटीचा विचार कशाला करायचा, असा आक्षेप स्वाभाविक आहे. परंतु मोटारींनी रस्त्याचा मोठा भाग व्यापल्यानंतर उरलेल्या अरुंद पट्टीत पादचारी आणि सायकलस्वार यांना एकत्र ढकलले जाते, आणि त्या पट्टीत कोणी कोणासाठी थांबायचे याचा निर्णय रोज हजारो वेळा, कोणत्याही फलकाशिवाय आणि पोलिसाशिवाय, घंटीच्या एका आवाजाने होत असतो. जागेवरचा हक्क ठरवण्याची ही रीत न्याय्य आहे का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो पुण्यासारख्या, एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि आज पुन्हा सायकलमार्ग आखू पाहणाऱ्या शहराला विशेष लागू पडतो.

या विषयावर पादचाऱ्यांच्या दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात आणि त्या परस्परविरोधी भासतात. सायकल आवाज न करता अगदी खेटून गेली, घंटी तरी वाजवायची, ही पहिली. आणि एकदम कानाशी घंटी वाजवून दचकवले, जणू रस्ता त्याच्या मालकीचा आहे, ही दुसरी. या दोहोंच्या कात्रीत सापडलेला सायकलस्वार मग असा निष्कर्ष काढतो की पादचाऱ्यांना काहीच पटत नाही, तेव्हा आपल्याला सोयीचे ते करावे. हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे: सायकल फार जवळून आणि फार वेगाने गेली. पुरेसे अंतर राखून, चालीच्या वेगाला येऊन पुढे गेलेल्या सायकलविषयी, ती घंटी वाजवून गेलेली असो वा न वाजवता, क्वचितच कोणी तक्रार करतो. म्हणून घंटीचा विचार वेग आणि अंतर यांपासून तोडून करता येत नाही, आणि तो तोडून केला जातो म्हणूनच त्यावरचा वाद संपत नाही.

घंटीचा कायदेशीर इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. अंगठ्याने खटका दाबून वाजवायच्या घंटीचा शोध इंग्लंडमधील जॉन रिचर्ड डेडिकोट यांच्या नावावर, 1877 च्या सुमाराचा, सांगितला जातो. 1879 मध्ये तेथील न्यायालयाने बेदरकार हाकण्याच्या गुन्ह्यापुरती सायकल ही ‘गाडी’च आहे असा निर्णय दिला, आणि 1888 च्या स्थानिक शासन कायद्याने सायकलला सर्वच रस्त्यांवर गाडीचा दर्जा देताना स्वारावर एक बंधन घातले: रस्त्याने चालणाऱ्या माणसाला, जनावराला किंवा गाडीला मागे टाकण्यापूर्वी, वाजवी अंतरावरून, घंटी, शिट्टी किंवा अन्य मार्गाने आपल्या येण्याची ऐकू जाईल अशी सूचना देणे. हे बंधन 1930 मध्ये रद्द झाले, पण त्याची रचना आजही लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात कर्तव्य फक्त स्वाराचे होते. सूचना मिळताच पादचाऱ्याने बाजूला व्हावे, असे त्या तरतुदीत कोठेही म्हटलेले नव्हते. ‘वाजवी अंतरावरून’ ही अटही त्याच वाक्यात होती. पुढील काळात लोकव्यवहारात मात्र कर्तव्याची बाजू उलटली: सूचना देण्याचे साधन बाजूला सरण्याचा हुकूम बनले आणि अंतराची अट विस्मरणात गेली. मोटारीच्या हॉर्नची सवय लागलेल्या समाजात हे घडणे अटळ असेल, परंतु योग्य नव्हे.

ही उलटापालट किती नुकसान करते हे समजण्यासाठी घंटीचे साधन आणि मनुष्याचा कान या दोहोंकडे थोडे बारकाईने पाहावे लागते. नेहमीच्या घंटीत पोलादाची किंवा पितळेची एक वाटी असते. खटका दाबला की आतले लहान दातेरी चाक फिरते, त्याला जोडलेल्या सुट्या चकत्या वाटीच्या कडेवर आपटतात आणि उंच पट्टीचा स्वच्छ नाद निघतो. रहदारीचा घरघराट मुख्यतः खालच्या पट्टीतला असल्याने हा उंच नाद त्यातून वर उठून ऐकू येतो, हा त्याचा गुण. परंतु वाढत्या वयाबरोबर कानाची शक्ती सर्वप्रथम उंच पट्टीतच कमी होते, म्हणजे सकाळी टेकडीकडे किंवा बागेकडे चालत निघालेल्या ज्येष्ठ नागरिकांना, ज्यांना पडल्यास सर्वाधिक इजा होते, नेमका हाच आवाज उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही.

दुसरी अडचण दिशेची आहे. आवाज कोठून आला हे मेंदू मुख्यतः दोन कानांमधील फरकावरून ओळखतो: उजवीकडचा आवाज उजव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. आवाज थेट पाठीमागून आला तर मात्र तो दोन्ही कानांत एकाच वेळी आणि सारख्याच जोराने शिरतो, आणि मग तो समोरचा की मागचा, हे ठरवण्यासाठी कानाच्या पाळीच्या घडणीमुळे आवाजात पडणाऱ्या सूक्ष्म बदलांवर विसंबावे लागते. हे बदल अनेक पट्ट्यांचे स्वर मिसळलेल्या आवाजात, उदाहरणार्थ बोलण्यात, चांगले उमटतात. घंटीच्या शुद्ध, मोजक्या स्वरांत ते फारच कमी उमटतात. याचा अर्थ असा की घंटी पादचाऱ्याला ‘कोणीतरी आहे’ एवढे निश्चित सांगते, पण ते कोणत्या बाजूने आणि किती अंतरावर आहे, हे सांगण्यात ती सर्वांत दुबळी ठरते, आणि पादचाऱ्याला निर्णय घेण्यासाठी नेमकी तीच माहिती हवी असते.

म्हणून उशिरा वाजलेल्या घंटीनंतर पदपथावर जे घडते त्यात पादचाऱ्याचा दोष शोधणे अन्यायाचे आहे. जोडीने चाललेल्या दोन मैत्रिणींपैकी एक डावीकडे सरते, दुसरी उजवीकडे. मग दोघींना आपण वेगळ्या झाल्याचे जाणवते आणि एक जण पुन्हा दुसरीकडे धावते, नेमकी त्या मोकळ्या जागेतून जिच्याकडे सायकलस्वाराने हँडल वळवलेले असते. हात धरलेले मूल आईच्या ओढीने एका बाजूला जाते आणि कुतूहलाने मागे वळते. कोणी जागीच थिजतो. यातील एकही प्रतिक्रिया बेशिस्तीची नाही. अपुऱ्या माहितीवर क्षणात निर्णय घ्यावा लागला की सर्वच माणसे अशी वागतात.

क्षण किती अपुरा असतो हे साध्या गणिताने कळते. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे 4.2 मीटर अंतर कापते, ताशी 5 किलोमीटरने चालणारा माणूस सुमारे 1.4 मीटर, म्हणजे दोघांमधील अंतर सेकंदाला 2.8 मीटरने घटते. घंटी 20 मीटरवर वाजली तर पादचाऱ्याला सुमारे सात सेकंद मिळतात: आवाज ऐकावा, मागे पाहावे, सोबतच्या माणसाला सावध करावे आणि वाटल्यास कडेला व्हावे, एवढे सर्व त्यात आरामात होते. तीच घंटी तीन मीटरवर वाजली तर जेमतेम एक सेकंद उरतो. याच गणिताची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. त्याच वेगाच्या सायकलस्वाराला, प्रतिसादाचा एक सेकंद आणि साधारण ब्रेक धरले तर, पूर्ण थांबायला सुमारे सात मीटर लागतात. तीन मीटरवर घंटी ऐकून पादचारी घाबरून जागीच थांबला, तर स्वाराला धडक टाळता येईलच असे नाही. यातून घंटीच्या योग्यायोग्यतेची एक कसोटी मिळते: ज्या अंतरात स्वार स्वतः थांबू शकत नाही त्या अंतरावर वाजवलेली घंटी ही सूचना नसते, तर स्वतःच्या वेगाची जबाबदारी दुसऱ्याच्या अंगावर टाकणे असते. त्या अंतरात हात घंटीकडे जाण्याऐवजी ब्रेककडे गेला पाहिजे.

वेगवेगळ्या देशांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. ब्रिटनमध्ये दुकानातून विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलला घंटी बसवलेली असणे आवश्यक आहे, पण ती वापरण्याची कायदेशीर सक्ती नाही. 29 जानेवारी 2022 रोजी सुधारलेली तेथील वाहतूक संहिता सांगते की सामायिक वाटेवर, म्हणजे पादचारी आणि सायकली दोहोंना मोकळ्या असलेल्या वाटेवर, पादचाऱ्यांना मागून खेटून किंवा वेगाने ओलांडू नये, गरजेप्रमाणे वेग कमी करावा, घंटी वाजवून किंवा सौजन्याने हाक देऊन आपण असल्याचे कळवावे आणि समोरचा माणूस बहिरा किंवा अंध असू शकतो हे लक्षात ठेवावे. जर्मनीत सायकलला घंटी असणे बंधनकारक आहे. जपानची भूमिका मात्र भारतीय वाचकाला चकित करणारी आहे. तेथे 1970 च्या दशकापासून ठरावीक पदपथांवर सायकलींना मुभा देण्यात आली, परंतु रस्ता वाहतूक कायद्याच्या कलम 54 नुसार फलकाने सांगितलेली ठिकाणे आणि टाळता न येणारा धोका सोडता घंटी वाजवण्यास मनाई आहे; पदपथावरील पादचाऱ्याने वाट द्यावी म्हणून घंटी वाजवणे हा तेथे दंडनीय अपराध आहे, आणि पादचाऱ्याला अडथळा होत असेल तर सायकलस्वाराने थांबायचे असते.

ब्रिटनचा आणि जपानचा नियम परस्परविरोधी वाटतात, पण दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या प्रकारच्या जागांविषयी बोलतात. जी वाट कायद्याने आणि आखणीने दोघांची आहे तेथे एकमेकांना कळवणे हे सहजीवनाचे अंग आहे. जी जागा पादचाऱ्याची आहे आणि जेथे सायकलस्वाराला केवळ सवलतीने किंवा नाइलाजाने यावे लागते, तेथे घंटी वाजवणे म्हणजे पाहुण्याने यजमानाला उठून जागा द्यायला सांगणे होय. पहिल्या जागी घंटी वाजवावी. दुसऱ्या जागी वाजवू नये, मागे मागे चालावे, किंवा उतरून सायकल हाताने न्यावी. भारतात या दुसऱ्या जागेचा दर्जा आता केवळ सौजन्यावर अवलंबून राहिलेला नाही: मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आहे.

पुण्यात अडचण अशी की कोणती जागा कोणाची, हेच अनेकदा जमिनीवर वाचता येत नाही. जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना झाली तेव्हा रुंद पदपथाबरोबर सायकलींचाही विचार झाला. औंधमध्येही तसेच प्रयत्न झाले. 2016 मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले आणि 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. हेतू चांगले होते. परंतु सायकलमार्ग जेव्हा पदपथाच्याच पातळीवर, फक्त वेगळ्या रंगाच्या फरशीने दाखवला जातो, तेव्हा चालणाऱ्याच्या पायाला सीमा जाणवत नाही, अंधाच्या काठीला तर मुळीच नाही. आणि त्या फरशीवर दुचाकी लावलेल्या, झाडाभोवतीचा कट्टा किंवा विजेची पेटी मध्येच उभी, बसथांब्याची रांग आडवी, अशी स्थिती असली की सायकलस्वार पदपथावर सरकतो आणि पादचारी सायकलमार्गावर. पदपथाची किमान मोकळी रुंदी 1.8 मीटर असावी असे इंडियन रोड्स काँग्रेसची 2012 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. शेजारी शेजारी चाललेली दोन माणसे ती रुंदी जवळजवळ पूर्ण व्यापतात. तेथे तिसऱ्या, साठ सेंटिमीटर रुंद हँडलच्या वाहनाने घंटी वाजवली तरी त्या माणसांनी सरकायचे कोठे?

पेठांमध्ये तर उलटे चित्र आहे. लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, मंडई या भागांत पदपथ मालाने आणि गर्दीने भरलेले असल्यामुळे माणसे रस्त्यावरूनच चालतात, आणि तेथे सायकलस्वार स्वतःला रस्त्याचा हक्कदार व पादचाऱ्याला आगंतुक समजतो. हा समज नियमाच्या पुस्तकातून आलेला असेल, वस्तुस्थितीतून आलेला नाही. ज्याच्यासाठी पदपथ ठेवलेलाच नाही त्याने रस्त्यावर चालणे हा अपराध ठरत नाही. अशा रस्त्यावर लांबून एकदा वाजवलेली घंटी उपयोगी पडते, कारण तेथे मागून काहीतरी येणार याची चालणाऱ्याला अपेक्षा असते. परंतु सतत किणकिणत राहणारी घंटी हॉर्नच्या कोलाहलात भर टाकते आणि ऐकणाऱ्याला बधिर करते. मोटारवाहन कायद्याच्या कलम 194एफ ने 2019 पासून विनाकारण हॉर्न वाजवण्याला पहिल्या वेळी 1,000 रुपये दंड ठेवला आहे. मोटारींकडून जी शिस्त मागायची तिच्यापासून सायकलने स्वतःला वगळणे शोभणारे नाही.

सायकलची शांतता ही स्वतःच धोका आहे, असा युक्तिवाद घंटीच्या बाजूने केला जातो, आणि त्यात तथ्य आहे. अंध माणूस रस्ता कानाने वाचतो. जे वाहन आवाज करत नाही ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. विद्युत मोटारींबाबत हा धोका ओळखूनच संयुक्त राष्ट्रांच्या 138 क्रमांकाच्या वाहन नियमाने कमी वेगात अशा मोटारींनी कृत्रिम आवाज करत राहावे, अशी तरतूद केली. पण त्या तरतुदीतला आवाज वाहनाचा वेग आणि जवळीक सतत कळवत राहतो. तो चालकाच्या मर्जीवर, अडथळा वाटल्यावरच, वाजत नाही. सायकलच्या बाबतीत मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलची टिकटिक काहीसे हेच काम करते, आणि पायडल थांबवले की ती ऐकू येते, म्हणजे वेग कमी करणारा स्वार आपोआपच सौम्य सूचना देत असतो. तरीही अंध व्यक्तीजवळून जाताना बोलणे सर्वांत श्रेयस्कर. आणि बहिऱ्या माणसाला यांपैकी काहीच ऐकू जात नाही, पाठीमागून पाहणाऱ्याला त्याचे बहिरेपण दिसतही नाही. म्हणून घंटीला प्रतिसाद न देणारा माणूस मुद्दाम अडवतो आहे असे गृहीत धरून दुसऱ्यांदा, अधिक जोरात घंटी वाजवण्याची सवय सर्वथा टाकली पाहिजे.

घंटीऐवजी हाक देण्याची सूचना महाराष्ट्रात विशेष रुजू शकेल अशी आहे. ‘काका, जरा जाऊ का?’ किंवा ‘मावशी, मागून सायकल येतेय’ एवढ्या शब्दांत माणूस, हेतू आणि घाई नसल्याची खूण, तिन्ही पोहोचतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे बोलण्याच्या आवाजाची दिशाही कानाला अधिक नेमकी कळते. मात्र ‘डावीकडून’, ‘उजवीकडून’ असे शब्द टाळलेले बरे, कारण ऐकणारा पुष्कळदा त्याच दिशेला सरकतो. आवाजाचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनातल्या अपेक्षेवर किती अवलंबून असतो याचा पुरावा गोव्यात रोज सकाळी मिळतो: सायकलच्या मागे पावांची टोपली बांधून फिरणारा पोदेर रबरी फुग्याचा भोंगा वाजवत गल्लीत शिरतो, तो भोंगा कोणत्याही घंटीपेक्षा कर्कश असतो, तरी त्याने कोणी चिडत नाही, उलट माणसे दारात येतात. त्या भोंग्यात काही मागितलेले नसते, काही आणल्याचे कळवलेले असते. पादचाऱ्याला घंटीचा राग येतो तो तिच्या नादाचा नसतो. त्या नादात दडलेल्या मागणीचा असतो.

पादचाऱ्यासाठी स्वाराने वेग मोडावा या भूमिकेविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप कष्टकरी सायकलस्वाराच्या बाजूने येतो. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला दूधवाला, रात्रपाळी संपवून दहा-बारा किलोमीटर परतणारा पहारेकरी यांच्या जड काळ्या सायकलींना गिअर नसतात. प्रत्येक वेळी वेग मोडणे आणि पुन्हा पायडलवर उभे राहून तो मिळवणे ही त्यांची खरी दमछाक असते, आणि मोटारीत बसलेल्याला फक्त पाय हलवावा लागत असताना यांच्याकडून संयमाची अपेक्षा करणे विषम वाटते. हे दुःख नाकारता येणार नाही. पण त्याचा भार पायी चालणाऱ्यावर टाकणे हा त्यावरचा इलाज नव्हे, कारण तो पादचारीही बहुधा त्याच वर्गातला, त्याच कारखान्याकडे किंवा त्याच घरकामाला निघालेला असतो. इलाज आहे तो मोटारींकडून जागा परत घेऊन सायकलला वेगळ्या पातळीवरची, सलग, दुचाकी चढू शकणार नाहीत अशी वाट देण्याचा. शिवाय हा आक्षेप ज्यांच्या नावाने केला जातो त्यांच्यापेक्षा वेगळ्याच वाहनाच्या पथ्यावर तो पडू लागला आहे: 250 वॉटपर्यंतच्या आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच्या विजेच्या दुचाकींना नोंदणी व परवाना लागत नाही, त्या सायकल म्हणूनच पदपथावर शिरतात, आणि त्या वेगाला 10 मीटरवर वाजवलेली घंटी पादचाऱ्याला दोन सेकंदही देत नाही. अशा वाहनांना घंटी असो वा नसो, पदपथावर जागा असता कामा नये.

तेव्हा सायकलला घंटी असावी, ती चांगली वाजणारी असावी, आणि सामायिक वाटेवर ती वीसेक मीटरवरून, एकदाच, वाजवावी. त्यानंतर ती ऐकू गेलीच नाही असे समजून वेग चालीवर आणावा आणि जागा मिळेपर्यंत मागे राहावे. पदपथावर ती वाजवूच नये. पुणे महापालिका 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्ता वाहनांविना चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांसाठी महापालिकेने आणि वाहतूक पोलिसांनी घंटीचे हे साधे नियम सायकलमार्गाच्या प्रत्येक टोकाला मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावेत, सायकल विकणाऱ्या दुकानांनी ते ग्राहकाला सांगावेत, आणि रंगाच्या फरशीने दाखवलेले सायकलमार्ग पदपथापासून उंचीने वेगळे करण्याचे काम पुढच्या अंदाजपत्रकात घ्यावे.